मेणबत्ती दुसऱ्या खोलीत होती

अन्याय काकूंवर झाला. या वर्षी, बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी, भर दुपारी वीज गेलेली असताना, विकास नगरमधल्या एका सरकारी क्वार्टरच्या मागच्या खोलीत. तो थिनरने सुरू केला आणि आपल्याच माणसांनी पुढे चालवला. काकूंचं नाव मी लिहीत नाही, कारण त्यांनीच नको म्हटलं. "आधीच काय कमी नाव झालं माझं?" म्हणाल्या.

अशी सुरुवात करायला मला बाबांनी शिकवलं. ते इथे लखनौत एका सरकारी उपक्रमात नोकरीला होते आणि कर्मचाऱ्यांच्या युनियनची पत्रकं लिहायचे. माझं बालपण गेटवर पत्रकं वाटण्यात गेलं. बाबा म्हणायचे, पहिल्या ओळीत कोणावर अन्याय झाला आणि कधी झाला ते आलंच पाहिजे. लोक पहिली ओळ वाचतात आणि उरलेल्या कागदात पकौड्या बांधून नेतात.

बाबा रिटायर झाले, आई-बाबा भंडाऱ्याला परत गेले. मी लखनौत राहिले, कारण नोकरी इथे. चिनहटच्या एका पेंट बनवणाऱ्या युनिटमध्ये मी स्टोअरचं काम बघते. अलीगंजला एक खोली. सकाळी स्कूटी, संध्याकाळी स्कूटी, मध्ये दिवसभर हिंदी. आपल्या समाजाची माझ्या वयाची मुलं आहेत इथे, पण त्यांना मराठीत काही विचारलं की उत्तर येतं, "हाँ यार, पता है." वाईट कोणीच नाही. पण रात्री खोलीवर आल्यावर कधीकधी लक्षात यायचं की आज दिवसभरात आपण मराठीतला एकही शब्द उच्चारलेला नाही.

म्हणून रविवारी काकू. आईच्या मैत्रीण, आमच्याच जिल्ह्याच्या. काका जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा सरकारी नोकरीत, क्वार्टर त्याच्या नावावर. मी दारात उभी राहिले की आतून आवाज यायचा, "काहून आली वो एवढ्या उन्हात? डोकं बांधत जा पोरी." एवढं ऐकायला मी दर रविवारी तिकडे जायचे. माझ्याशी अशा आवाजात बोलणारं लखनौत दुसरं कोणी नव्हतं.

काकूंचं एक काम समाजात ठरलेलं होतं. बुद्धपौर्णिमेला आमच्या बायका पांढऱ्या साड्या नेसतात. वर्षातून दोन-तीनदाच बाहेर निघणाऱ्या त्या साड्यांवर गेल्या वेळच्या मेणबत्त्यांचं मेण असतं, खिरीचं तूप असतं, कुठे हळद. त्या सगळ्या साड्या काकूंकडे यायच्या. काकू डाग काढायच्या, नीळ द्यायच्या, इस्त्री करून परत करायच्या. कोणी सांगितलं नव्हतं, नेमलं नव्हतं. काका गेल्यावर त्यांनी ते काम धरलं आणि त्यामुळे वर्षातून एकदा तरी समाजातल्या सगळ्या बायका त्यांच्या घरी येऊन जायच्या. त्यांच्यासाठी ते केवढं मोठं होतं, हे त्या घरातली इतर दिवसांची शांतता ऐकलेल्यालाच कळेल.

मेणाचे डाग त्या रॉकेलने काढायच्या. रॉकेलचा बोळा, मग साबण, मग ऊन. कित्येक वर्षं. आणि त्याआधी एक रीत पाळायच्या. पुढच्या खोलीत जमिनीवर ठेवलेल्या बुटक्या चौरंगावर बुद्धाची मूर्ती होती. तिच्यासमोर मेणबत्ती लावून पंचशील म्हणायचं, मगच साड्यांना हात लावायचा. मेणबत्ती विझवायची नाही, ती आपोआप संपू द्यायची. रॉकेलच्या काळात याने कधी काही बिघडलं नाही. रॉकेलला पेटायला वात लागते, किंवा बोळा जवळ न्यावा लागतो. रॉकेलचा स्वभाव त्यांना माहीत होता.

पण रॉकेल आता मिळतं कुठे? रेशनवर बंद, बाजारात नाही. यंदा काकू बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेल्या. दुकानदार म्हणाला, "मिट्टी का तेल अब कहाँ अम्मा? ये ले जाइए. उससे भी बढ़िया, दाग भी नहीं छोड़ता." आणि त्याने रंग पातळ करायचं थिनर कोल्ड ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत ओतून दिलं. बाटलीवर संत्र्याचं चित्र होतं.

इथे मला जरा थांबू द्या, कारण माझं डोकं इथेच फिरतं. हेच थिनर माझ्या युनिटमध्ये ड्रममध्ये येतं. ड्रमवर ज्वाळेचं लाल चिन्ह असतं. ओतताना ड्रमला जमिनीशी जोडणारी तार लावतात, कारण नुसत्या ओतण्यानेही ठिणगी पडू शकते. मोबाइल गेटवर जमा. खोलीला खालच्या बाजूला जाळ्या, कारण त्याची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खाली बसते. तिथे काम करणाऱ्या धडधाकट पुरुषांना वर्षातून दोनदा ट्रेनिंग मिळतं. आणि तोच पदार्थ एका साठीच्या बाईच्या हातात संत्र्याच्या बाटलीतून जातो, आणि वर सांगतात, उससे भी बढ़िया.

त्या दिवशी मी हाफ डे टाकून काकूंना मदत करायला निघाले होते. लू, म्हणजे उन्हाळ्यातला कोरडा गरम वारा, वाहत होती. वीज गेलेली, कूलर बंद. काकूंनी उन्हाची झळ येऊ नये म्हणून मागच्या खोलीच्या खिडक्या लावून घेतलेल्या. पितळी परातीत थिनर ओतलेलं, शेजारी साड्यांचा ढीग. दोन खोल्यांमधलं दार उघडं. पुढच्या खोलीत चौरंगावर मेणबत्ती.

मी पोचले तेव्हा पेट घेऊन झालेला होता. काकू व्हरांड्यात होत्या, दोन्ही हात पुढे धरून, जणू कोणाकडून काही घ्यायचंय. आत आग. शेजारचे एक गृहस्थ बादली घेऊन धावले आणि परातीवर पाणी फेकलं. थिनर पाण्यावर तरंगतं. आग त्या पाण्यावर बसली आणि पाण्याबरोबर वाहत दाराखालून व्हरांड्यापर्यंत आली. मी ओरडले, "पानी मत डालो! मोरंग डालो, मोरंग!" समोर कोणाचं तरी बांधकाम चालू होतं, मोरंगेचा, म्हणजे जाड्या वाळूचा, ढीग होता. लोकांनी ती घमेल्यांनी भरून टाकली. परात दबली. बाकी साड्या आणि पडदा जळून आपोआप संपले. फायर ब्रिगेडला फोन मी केला. तोपर्यंत कोणी केलाच नव्हता. सगळे बादल्या शोधत होते.

मग काकूंकडे वळले तर एका बाईने त्यांच्या हातांवर टूथपेस्ट फासायला घेतलेली. मी हात धरून नळाकडे ओढलं. नळ सोडला तर छतावरच्या टाकीतलं पाणी, मे महिन्यातलं, चहा करता येईल असं. म्हणून कोपऱ्यावरच्या हँडपंपाकडे. मागून सगळे ओरडताहेत, "अरे पानी मत डालो, छाले पड़ जाएँगे!" एकाने तर माझा खांदा धरला. आगीवर पाणी ओतलं, बाईवर ओतू देईनात! मी म्हटलं, "भैया, पकड़ना है तो हैंडल पकड़ो." त्याने बिचाऱ्याने खरंच हँडल धरलं आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत पंप मारत राहिला. जमिनीतून येणारं गार पाणी हातांवरून, कोपरापर्यंत वाहत राहिलं. बांगड्या मी तिथेच काढल्या, सूज यायच्या आधी. काकूंच्या अंगावर सुती साडी होती. नायलॉन असतं तर अंगाला चिकटून वितळलं असतं.

काकू एकच वाक्य बोलत होत्या. "मेणबत्ती दुसऱ्या खोलीत होती वो. मी जवळ नाही नेली."

हॉस्पिटलमध्ये नर्सने फॉर्म भरताना विचारलं, "आप कौन लगती हैं इनकी?" मुलगी नाही, सून नाही, भाची नाही. म्हटलं, "जान-पहचान." तिने "नो रिलेटिव" लिहिलं. बरोबरच लिहिलं.

मुलगा ऑफिसच्या कामाने कानपूरला होता, तो संध्याकाळी आला. चांगला मुलगा आहे, हे आधीच सांगते. घाबरलेला होता. आईच्या बँडेजकडे बघवेना, म्हणून भिंतीकडे बघत बोलला. "आई, सच-सच बता दो. मोमबत्ती पास में थी न?"

"नाही रे. पुढच्या खोलीत. चौरंगावर."

"आई, कोई डाँटेगा नहीं. पर इतनी दूर से आग कैसे लगेगी?"

"मला काय माहीत कशी लागली. पण मी जवळ नाही नेली."

"ठीक है, ठीक है. आराम करो."

ते "ठीक है" मी ऐकलं. काकूंनीही ऐकलं. माणूस तुम्हाला खोटं समजतो आणि वरून माफ करतो, तेव्हा असं "ठीक है" म्हणतो. काकूंनी तोंड फिरवलं. हात भाजले म्हणून त्या एकदाही रडल्या नव्हत्या, तेव्हा रडल्या.

दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमा. मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून होते. समाजाच्या ग्रुपवर फोटो येत होते. हॉल, फुलं, पांढऱ्या साड्या, ज्यांच्या जळल्या त्यांनी दुसऱ्या कुणाच्या तरी घेतलेल्या. मध्येच एक मेसेज: "घाई नडली बिचारीला." खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग. मी उत्तर टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं. शेवटी लिहिलं, "घाई नव्हती." नंतर कोणीतरी खिरीचा फोटो टाकला.

पुढच्या रविवारी अलीगंजच्या हॉलमध्ये बैठक झाली. विषय असा की यापुढे साड्या ड्राय क्लीनला द्यायच्या. म्हणजे काकूंचं काम काढून घ्यायचं, आणि तेही त्या हॉस्पिटलात असताना. मी उभी राहिले.

"आली आमची पत्रकवाली," मागून कोणीतरी म्हणालं. हशा पिकला. मला सवय आहे.

मी सांगितलं की काकू खरं बोलताहेत. थिनरची वाफ दिसत नाही. उदबत्तीचा धूर वर जातो, ही वाफ खाली जाते. सांडलेल्या पाण्यासारखी जमिनीवरून पसरते, दारातून जाते, आणि बुटक्या चौरंगावरच्या ज्योतीला भेटली की पेटते, आणि आग त्याच वाटेने उलटी धावत भांड्यापर्यंत येते. खिडक्या बंद होत्या, पंखा-कूलर बंद. वाफेला बाहेर जायला जागाच नव्हती.

एक बाई म्हणाल्या, "म्हणजे वाफ उठून पुढच्या खोलीत चालत गेली?"

"ई-रिक्शा कर के गई होगी आंटी," एक पोरगा म्हणाला. हॉल हसला. खरं सांगायचं तर वाक्य चांगलं होतं. दुसऱ्या कुठल्या दिवशी मीही हसले असते.

समाजाचे सचिव वयाने मोठे, माझ्या बाबांचे मित्र. समजावणीच्या सुरात म्हणाले, "बेटा, तुझ्या भावना समजतात. पण आता कोणाची चूक हे उगाळून काय मिळणार?"

"चूक तुम्ही उगाळताय दादा. सगळे म्हणताहेत तिने जवळ नेली. ती नाही म्हणतेय. मग ती खोटारडी ठरली ना?"

"खोटारडी कोण म्हणतंय? वय झालं, विसरल्या असतील."

मी म्हटलं, समाजाच्या नावाने एक पत्रक काढू, घरात थिनर, पेट्रोल, स्पिरिट कसं ठेवायचं, पेटलं तर काय करायचं. ते म्हणाले, आपल्या कार्यक्रमात आग लागली असं लोकांना वाटेल, उगाच बदनामी. ठराव मंजूर झाला. साड्या ड्राय क्लीनला. चहा आला. माझ्या शेजारची खुर्ची रिकामीच राहिली. चहाचा कप घेऊन कोणी तिथे बसायला आलं नाही.

पत्रक मी एकटीनेच काढलं. हिंदीत, एका पानाचं. विकास नगर आणि अलीगंजच्या हार्डवेअरच्या दुकानांत वाटलं. एक दुकानदार वाचून म्हणाला, "मैडम, सब ऐसे ही बेचते हैं."

"इसीलिए तो सबको दे रही हूँ."

"अच्छा, तो चाय पीके जाइए." रागाने आलेल्या माणसाला लखनौत असंच परतवतात. मी चहा प्यायले, आणि त्याच्याच काउंटरवर पत्रक चिकटवून आले.

काकू घरी आल्या. हात बरे होत होते, पण बोटं पूर्ण मिटत नव्हती. मी रविवारी जायचे, दारात उभी राहायचे. आतून आवाज येत नसे. आपणच दार ढकलून आत जायचं. खाटेवर बसून त्या भिंतीकडे बघत असत. कोणी बाई आता येत नव्हती, यायचं कारणच उरलं नव्हतं. एकदा त्यांनी विचारलं, "तू तरी खरं मानते ना पोरी?"

"मानते काकू."

"तू मानून काय होते? त्याने मानाले पाहिजे."

मला लागलं ते. पण त्यांचं बरोबर होतं. माझ्या विश्वासाने त्यांचं भागणार नव्हतं. त्यांना मुलगा हवा होता.

आमच्या युनिटमध्ये सुरक्षेचं ट्रेनिंग होतं, त्या दिवशी मी त्याला बोलावलं. मालकांची परवानगी काढली. तो म्हणाला, "दीदी, मेरे पास टाइम नहीं है." मी म्हटलं, "आईसाठी ये." आला.

मोकळ्या अंगणात, सगळ्यांना लांब उभं करून, अग्निशमन दलाच्या प्रशिक्षकाने पत्र्याची एक लांब पन्हळ तिरकी ठेवली. खालच्या टोकाला मेणबत्ती. वरच्या टोकाला थिनरमध्ये भिजवलेला कापसाचा छोटा बोळा चिमट्याने ठेवला आणि मागे सरकला. बोळा आणि ज्योत यांच्यात नुसता रिकामा पत्रा. काहीच होईना. कोणीतरी कंटाळून जांभई दिली. आणि मग मेणबत्तीपासून एक निळी रेघ पन्हळीतून वर धावली आणि बोळा भप्पकन पेटला. वर, ज्योतीपासून दूर असलेला बोळा.

"यही होता है घर में," प्रशिक्षक म्हणाला. "आदमी कसम खाता है कि आग पास नहीं थी. और सच बोल रहा होता है."

मी मुलाकडे बघितलं. त्याने चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत लावला. म्हणाला, "एक बार और दिखाएँगे?" प्रशिक्षकाने पुन्हा दाखवलं. मग गेटवरून मोबाइल घेतला आणि निघाला.

मला वाटलं, आता घरी जाऊन बोलेल. पुढच्या रविवारी गेले तर स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीवर लाल रंगाचं नवं अग्निशामक नळकांडं लावलेलं. काकू म्हणाल्या, "हे आणलं त्याने. मी म्हटलं, काय आहे? तर म्हणे, रख लो, काम आएगा."

"आणखी काय म्हणाला?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"जेवला. म्हणे, भाजी चांगली झाली." मग, माझ्याकडे न बघता, "त्याले समजलं असंल का वो?"

मला माहीत होतं की त्याला समजलंय. मी सांगू शकले असते. पण ते माझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं त्यांना. मी सांगितलं नाही. बाहेर सब्जीवाला ओरडत गल्लीतून गेला.

लोक मला म्हणतात, मुलाने नळकांडं आणलं म्हणजे मनात कबूल केलंच की, पुरुषांचं तसंच असतं, समजून घे. मी नाही समजून घेणार. विस्तव विझवायला नळकांडं चालतं. आईला खोटं ठरवलं ते तोंडाने ठरवलं होतं, माझ्यादेखत. ते परत घ्यायलाही तोंडच लागतं.

आता तुम्ही. हे वाचून "बिचारी" म्हणू नका, उठा. घरात बिनलेबलच्या बाटलीत थिनर, पेट्रोल, स्पिरिट असेल तर ते आजच घराबाहेर काढा. मोरीत ओतू नका. ठेवायचंच असेल तर मूळ डब्यात, झाकण घट्ट लावून, नाव लिहून, चुलीपासून, दिव्यापासून, मुलांपासून लांब ठेवा. वापरायचंच असेल तर उघड्यावर वापरा, आणि घरातल्या सगळ्या ज्योती आधी विझवा, देवापुढचीसुद्धा. वास कोंडला असेल तर विजेचं बटण दाबू नका, दारं उघडा आणि बाहेर पडा. पेटलंच तर पाणी मारू नका. भांडं छोटं असेल आणि जवळ जाता येत असेल तर वाळूने किंवा झाकणाने दाबा, नाहीतर सगळ्यांना घेऊन बाहेर पळा आणि लगेच फायर ब्रिगेडला फोन करा. भाजलेल्या माणसाला टूथपेस्ट लावू नका. गार वाहत्या पाण्याखाली धरा, वीस मिनिटं, कोणी कितीही ओरडलं तरी. आणि तुमच्या घरातल्या एखाद्या बाईला तुम्ही कधी "ठीक है" म्हणून गप्प केलं असेल आणि ती खरं बोलत होती हे आता तुम्हाला कळलं असेल, तर काहीतरी विकत आणून भिंतीला लावू नका. तिच्यासमोर जाऊन बसा आणि तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणा, "तू खरं बोलत होतीस." आज म्हणा.